को जागर्ति? – मोबाईलच्या जमान्यातली राखण

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या रात्री, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. वक्ते आपलेच सभासद असून निवृत्त बँक अधिकारी आहेत. सभासदांच्या आग्रहावरून तो स्मरणिकेसाठी शब्दांकित केला आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिवसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे, घड्याळाप्रमाणे काउंटर बंद करायची सवय आहे. दूध आटायच्या आत संपवतो.

विषय दिला आहे इंटरनेटचा वापर आणि सुरक्षितता. खरं सांगायचं तर सचिवसाहेबांना मी आधी दोनदा नाही म्हणालो होतो. का म्हणालो, ते थोड्या वेळानं सांगतो. तेच सांगण्यासाठी आज उभा आहे.

आजची रात्र कोजागिरीची. माझी आजी सांगायची, आज मध्यरात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि विचारते, ‘को जागर्ति?’ कोण जागं आहे? जो जागा असेल त्याच्याकडे ती थांबते. आताच्या काळात आपल्या लक्ष्मीच्या शोधात आणखी एक जण घरोघर फिरतो. तो मात्र उलटं विचारतो – कोण झोपलेलं आहे? आणि तो वर्षातून एकदा नाही, रोज फिरतो.

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. गंमत बघा, देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. म्हणजे अकरा दिवसांनी त्यालाही पंचवीस वर्षं पूर्ण होतील. तेव्हा आपल्याकडे संगणक दोन-तीन घरांत होता. इंटरनेट लावायचं तर टेलिफोनच्या वायरीतून, आणि आत्याचा फोन आला की इंटरनेट बंद! त्या वेळी आपल्याला भीती होती ती कंपाउंडवरून उडी मारणाऱ्या चोराची. म्हणून आपण भिंत उंच केली, गेट लावलं, चौकीदार ठेवला, पुढं वर्गणी काढून कॅमेरे बसवले. पंचवीस वर्षांत ही राखण आपण चांगली उभी केली.

आजचा चोर गेटवरून येतच नाही. तो आपल्या खिशातून येतो. केंद्र सरकारनं याच वर्षी संसदेत दिलेली आकडेवारी सांगतो. सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट! आणि हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचे. ज्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांचा हिशेब यात नाही.

त्या तोंड न उघडणाऱ्यांत मी होतो.

जुलै २०२२ ची गोष्ट. आमच्या सौ. मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या. बाहेर धो-धो पाऊस. संध्याकाळी सातच्या सुमारास मोबाईलवर मेसेज आला – ‘मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित होईल. त्वरित अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली नंबर. बिल मी भरलेलं होतं. पण मनात आलं, नोंद झाली नसेल, पावसाची रात्र आहे, एकटा आहे. लावला फोन. पलीकडचा माणूस इतका नम्र, की आमच्या बँकेत मी असा नम्र कारकून पाहिला नाही! म्हणाला, “सर, फक्त दहा रुपये भरून अपडेट करायचं आहे. मी मदत करतो. हे एक ॲप घ्या.” मी घेतलं. त्या ॲपमुळे माझ्या मोबाईलवरचं सगळं त्याला त्याच्या पडद्यावर दिसायला लागलं. मी दहा रुपये भरले, पासवर्ड टाकला, ओटीपी आला. पंधरा मिनिटांत तीन वेळा मिळून १ लाख ८७ हजार गेले.

आता मी कोण? ज्यानं काउंटरवर बसून हजारो ग्राहकांना सांगितलं, ‘पिन कोणाला सांगू नका हो.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मला पाठ आहे. त्यात म्हटलंय की चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाची जबाबदारी नाही. पण तुमच्याच हातानं माहिती गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर कळवणं महत्त्वाचं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी कळवलं नाही. लाज वाटली, राजेहो! पूर्वी ज्या बँकेत साहेब म्हणून बसलो, तिथं जाऊन ‘मी फसलो’ म्हणायचं? जिन्यात लोक भेटले तर ‘काय पाऊस आहे’ म्हणून पुढे जायचो. सौ.ना सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पासबुक सौ.च्या हाती लागलं, तेव्हा बोललो. तोवर ते पैसे कुठल्या कुठं फिरून निघून गेले होते. एक रुपया परत आला नाही.

पण माझं नुकसान हा या गोष्टीचा मोठा भाग नाही. माझ्यानंतर आठव्या दिवशी तोच मेसेज समोरच्या विंगमधल्या एका वहिनींना आला. त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे, आणि त्या इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. तीच भाषा, तीच साडेनऊची वेळ. नातवाच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले ६२ हजार गेले. मी पहिल्याच रात्री आपल्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या असत्या – ‘असा मेसेज येतो आहे, मी फसलो, तुम्ही फसू नका’ – तर त्यांचा फोन त्या नंबरवर गेलाच नसता. माझ्या गप्प बसण्याची किंमत त्यांनी मोजली. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, जाऊ द्या न आता. पण बोलायला पाह्यजे होतं तुम्ही.” हे वाक्य तीन वर्षं माझ्या मनातून गेलं नाही.

आता पुढचं ऐका. वहिनींनी काय केलं? त्यांना लाजबीज काही वाटली नाही. त्या तडक जिन्यात आल्या आणि ओरडल्या, “अरे बाप्पा, पैसे गेले माझे!” वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा धावत आला. त्यानं लगेच १९३० नंबर लावला, बँकेला कळवलं, कार्ड बंद केलं. वीस मिनिटांत. त्यांचे ४१ हजार मधल्याच एका खात्यात गोठवले गेले आणि काही महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशानंतर, परत मिळाले. बँकेचा साहेब अकरा दिवस गप्प बसला आणि सगळं गमावून बसला. चौथी शिकलेल्या वहिनी वीस मिनिटांत ओरडल्या आणि बरंच वाचवलं. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे. बाकीचं मी फक्त समजावून सांगतो.

हा १९३० नंबर काय आहे? सायबर फसवणुकीची तक्रार घेण्याचा देशभरचा नंबर. आपले पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात जातात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून बाहेर निघतात. हा प्रवास चालू असताना तक्रार झाली, तर बँका एकमेकींना कळवून पैसे आहेत तिथंच अडवतात. अशी पाच हजार कोटींहून जास्त रक्कम आजवर वाचली आहे. म्हणून पहिला तास सोन्याचा. आधी १९३०, मग आपली बँक, मग केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलिसांत रीतसर तक्रार. मेसेज, नंबर, व्यवहाराचे क्रमांक पुसू नका, तोच पुरावा असतो.

काही जण मनात म्हणत असतील, ‘फसतात ते भोळे. आम्ही नाही फसत.’ मीही असंच म्हणायचो. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ तारखेच्या शनिवारी आणि १३ तारखेच्या सोमवारी, चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेत शिरून, बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले आणि काही रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं त्यात ११ जणांना दोषी ठरवलं. शंभर वर्षं जुन्या बँकेवर हा प्रसंग येतो. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण मिळालेले एस. पी. ओसवाल, यांना २०२४ मध्ये चोरांनी व्हिडिओ कॉलवर चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय भरवून दाखवलं आणि ७ कोटी घेतले. त्यांनी पुढं येऊन ते जाहीर सांगितलं, म्हणून कित्येक लोक सावध झाले. तेव्हा अकलेचा हा प्रश्न नाही. चोर अकलेवर हल्ला करतच नाही. तो दोन जागी हात घालतो – भीती आणि लोभ.

लोभाचं उदाहरण आपल्याच शहरातलं. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं तक्रार दिली की ऑनलाइन जुगाराच्या ॲपमध्ये त्याचे ५८ कोटी गेले. सुरुवातीला जिंकल्यासारखं वाटलं, मग उतरण लागली ती थांबलीच नाही. पोलिसांनी गोंदियाला संशयिताच्या घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं निघालं. आपल्यापैकी कोणाकडे ५८ कोटी नाहीत, हे एक बरं आहे! पण शेअर बाजारात दुप्पट करून देणारे ग्रुप, घरबसल्या लाइक करून पैसे देणारी कामं – हे सगळं त्याच जातीचं. आधी दोनशे रुपये खरंच देतात, मग दोन लाख घेतात.

भीतीचं आजचं सगळ्यात मोठं नाव ‘डिजिटल अरेस्ट’. फोन येतो – तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागं पोलीस ठाण्यासारखा देखावा. तो तीन गोष्टी सांगतो – फोन ठेवू नका, कोणाशी बोलू नका, दार उघडू नका. लक्षात घ्या, पैशाचं तो नंतर बोलतो. आधी तो तुम्हाला एकटं पाडतो. कारण त्याला पक्कं ठाऊक आहे, की शेजारच्या काकांनी फक्त एवढं विचारलं, ‘काय हो, चेहरा का उतरलाय?’, तर त्याचं नाटक तिथंच संपेल. अशी कुठलीही अटक भारताच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्वतः सांगितलं. कोणताही पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश फोनवर पैसे मागत नाही. वर्दी दिसली तरी फोन ठेवा, दार उघडा, शेजारची बेल वाजवा. आपल्या सोसायटीत रात्री दोन वाजता बेल वाजवली म्हणून कोणी रागावणार नाही. रागावलं तर माझ्याकडे पाठवा.

नवा प्रकार लग्नपत्रिकेचा. ऑगस्टमध्येच हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. उघडली, आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती. ती उघडली की मोबाईलमध्ये परकं ॲप बसतं आणि आपले मेसेज, ओटीपी चोराला दिसू लागतात. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा पाऊस पडणार आहे. फोटो असेल तर पाहा. फाइलच्या नावाशेवटी एपीके असेल, तर ती सख्ख्या मामाकडून आलेली असली तरी उघडू नका, मामाला फोन करा. ट्रॅफिक चालानच्या नावानंही अशाच फाइली येतात. आणि बँकेची वेबसाइट उघडताना नाव नीट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार या ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या बँकांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’नं संपणारे व्हायचे आहेत. शेवट तसा नसेल तर थांबा.

आता मागच्या खुर्च्यांवरच्या तरुण मंडळींसाठी. तुम्ही फसणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही आम्हाला मोबाईल शिकवता. तुमच्यापुढचा धोका वेगळा आहे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कोणी म्हणेल, ‘यार, तुझं खातं आठ दिवस वापरायला दे, पाच हजार देतो.’ वहिनींचे पैसे अशाच कोणाच्या तरी खात्यातून पुढे गेले होते. खातं देणाऱ्याला वाटतं, मी काय केलं? पण पोलिसांना पहिला सापडतो तो खातेदार. मुख्य चोर परदेशात, आणि आरोपी म्हणून उभा आपल्या घरचा पोरगा. पाच हजारांसाठी नोकरी, पासपोर्ट, सगळं अडून बसतं. तसंच कोणाच्या नावानं खोटं खातं उघडून चेष्टा करणं, मुलीचा फोटो न विचारता फिरवणं, याला तुम्ही गंमत म्हणाल, पण कायदा गुन्हा म्हणू शकतो. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि आता आपण मोठे. सकाळी उठून पंधरा मेसेज पुढे ढकलणारे आपणच. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज सगळीकडे फिरत होते. जमावाला वाटलं, हेच ते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. असा मेसेज पुढे पाठवणाऱ्या कोणाच्याही हातात काठी नव्हती. त्यांनी फक्त बोट लावलं होतं, बहुतेकांनी काळजीपोटीच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पण खरी मर्यादा कंपनीनं नाही, आपण घालायची असते. अनोळखी फेरीवाल्याचा फोटो ‘सावधान’ लिहून ग्रुपवर टाकताना राईनपाडा आठवा. शंका असेल तर चौकीदाराला विचारा, पोलिसांना ११२ वर कळवा. फोटो फिरवू नका.

शेवटी, आपल्या सोसायटीसाठी माझ्या चार सूचना. कार्यकारिणीनं विचार करावा.

पहिली. लिफ्टजवळ आणि चौकीत मोठ्या अक्षरांत १९३० लिहून ठेवा. भीतीच्या वेळी पाठ असलेलं काही आठवत नाही, डोळ्यांना दिसलं पाहिजे.

दुसरी. प्रत्येक विंगमधून दोन तरुणांची नावं ठरवा. कोणताही फोन, मेसेज, लिंक शंकेची वाटली, की ज्येष्ठांनी थेट त्यांचं दार वाजवायचं. आणि तरुणांनो, ‘आजोबा, एवढंही कळत नाही का’ असं म्हणायचं नाही. एकदा म्हणालात की आजोबा दुसऱ्यांदा येणार नाहीत, आणि चोराला तेच हवं असतं.

तिसरी. भाडेकरूंचं आधार कार्ड, पोलीस पडताळणीचे कागद, कॅमेऱ्याचं चित्रण ग्रुपवर टाकणं बंद. हे कागद सचिवांच्या कपाटात राहू द्या. कॅमेरे राखणीसाठी आहेत, कोण कोणाच्या गाडीवर आलं हे दाखवण्यासाठी नाहीत. आणि ग्रुपवर अध्यक्षांच्या नावानं ‘अडचणीत आहे, वीस हजार पाठवा’ असा मेसेज आला, तर आधी अध्यक्षांचा आवाज ऐका, मग पाकीट काढा. अध्यक्षसाहेब, तुम्ही खरंच मागितले तरी आम्ही फोन करणार, राग मानू नका!

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची. कोणी फसला तर त्याला हसायचं नाही. ज्या सोसायटीत फसलेल्याला हसतात, तिथं दुसरा फसलेला गप्प बसतो आणि तिसरा फुकट बळी जातो. आपल्याकडे हे घडून गेलं आहे, मीच त्याचा साक्षीदार आणि मीच त्याचा गुन्हेगार.

आपण नागपूरकर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत काढतो. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. वर्षभरातली इडापिडा आपण कपाटात लपवून ठेवत नाही. तिचा पुतळा करतो, भर रस्त्यातून ओरडत नेतो आणि गावाबाहेर जाळतो. बडग्यांच्या मिरवणुकीत तर दरवर्षी नव्या पिडेचा नवा पुतळा असतो. आपल्या पूर्वजांना समजलं होतं, की पिडा चारचौघांत बोलून दाखवली की तिचं बळ जातं. मी माझी पिडा आज तीन वर्षांनी गच्चीवर, तुमच्या सगळ्यांसमोर काढली. बरं वाटलं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, ते एकटं राहायचं नव्हतं म्हणूनच. ‘को जागर्ति?’ असं कोणी विचारलं तर एका माणसानं किती जागायचं? त्यालाही झोप लागणार. पण सगळी सोसायटी आळीपाळीनं जागी राहिली, तर कोणीतरी जागं असतंच.

दूध तयार आहे असं खुणावतायत. वीसच मिनिटं झाली, तपासून घ्या.